तळटीप

भंवरकुआच्या चौकात, कोचिंगच्या पाट्यांखाली
माझं टायपिंगचं दुकान.
एक संगणक, एक प्रिंटर, आणि पंखा,
जो कागद उडू नयेत म्हणून
बारा महिने एकवरच फिरतो.

शिप्रा चौरे सनावदहून येते, पिशवीत प्रबंध.
कादंबरीतला एक माणूस घेतलाय
आणि त्याला लावलेत माणूस घडण्याचे आठ टप्पे.
ती लिहिते हिंदीत. मी मराठीत वाचते, हिंदीत टाइप करते.
चाळीस वर्षं इंदुरात असंच चाललंय,
डोकं रामबागेत, बोटं चौकात.

माणसाचं नाव हरिनाथ. मीटरगेजवरचा पॉइंट्समन,
ठेसन कालाकुंड.
जन्मतःच आई गेली, म्हणून टप्पा पहिला: अविश्वास.
दुसऱ्यात अंथरूण भिजवलं,
मामीनं अंगणात उभा केला. लाज.
तिसऱ्याबद्दल लेखकानंच काही लिहिलेलं नाही,
शिप्रानं प्रश्नचिन्ह काढलंय.
चौथ्यात शाळा सुटली. फुली.
पाचव्यात रेल्वेनं शिट्टी दिली, कंदील दिला, पितळी बिल्ला दिला,
तेव्हा कुठे एक बरोबरची खूण.
सहावा: ठरलेलं लग्न मोडलं.
सातवा: मूलबाळ नाही, मागे काही नाही.
‘साचलेपण’, असं लिहून तिनं
खाली दोनदा रेघ मारलीय. कागद फाटलाय तिथे.

मी थांबले.

संदर्भाला म्हणून कादंबरी माझ्याकडेच टाकून गेली होती ती.
रात्री ओटा पुसून झाल्यावर वाचली,
चार रात्री लागल्या.
पान एकशे बेचाळीस. चहावाल्याचा पोरगा बन्नू विचारतो,
काका, गाडी बोगद्यात शिरली की कुठे जाते?
हरिनाथ म्हणतो, जाते कुठे? असते.
रुळाला कान लाव.
आणि पोरगा पालथा पडून, गाल तापल्या लोखंडावर,
ऐकतो.
एवढंच. पुढच्या पानावर पाऊस आणि बदलीचा हुकूम.

अगं, तूच तर लिहिलंयस दुसऱ्या प्रकरणात,
की आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला कळू लागतं,
रुमालाखाली झाकला म्हणून
खुळखुळा नाहीसा होत नाही!
मग सत्तावनाव्या पानावर कशी विसरलीस?

मी स्वतःला त्या तक्त्यात बसवून पाहिलं नाही, असं नाही.
वय एकसष्ट. सहाव्यात फुली, सातव्यात फुली.
पण तरन्नुम, बेबी सोळंकी, ती लोखंडेंची डावखुरी मुलगी,
किती जणींची करंगळी धरून
मी शिफ्टवर ठेवली रेमिंग्टनच्या जमान्यात.
कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत असतील.
तक्त्यात करंगळीला रकाना नाही.

तर सत्तावनाव्या पानाखाली,
आठच्या बारीक टायपात, मी एक ओळ घातली:
‘देखिए, पृष्ठ १४२. बच्चे का कान पटरी पर है।’
चोरीच म्हणायची. यापूर्वी कुणाच्या वेलांटीलाही
विचारल्याशिवाय हात लावलेला नाही.

शिप्रा संध्याकाळी आली. पानं मोजली, वाचली नाहीत.
एकशे अठरा पानं, तीन प्रती, बाइंडिंगचे वेगळे.
तळटीप मी हिशेबात धरली नाही.
सुट्टे नव्हते, तिनं बावीस रुपये उधार ठेवले
आणि खंडव्याची बस पकडायला धावली.

साडेसातला फोन.
मागे इंजिनाची घरघर, कंडक्टरचा आवाज.
‘आंटी, ये पेज सत्तावन पे—’
आणि भेरूघाटात रेंज गेली.

दुकान बंद करायचं होतं.
फोन कानाला तसाच धरून
मी उभी राहिले.