वाण आणि गुण

काचेचं नळकांडं, पंचवीस अंशांचं पाणी,
सहा मिनिटं.
पहिली दोन सोडून द्यायची. उरलेल्या चारांत
उंदीर किती सेकंद निश्चल तरंगला, तेवढं मोजायचं.
निश्चल म्हणजे हताश,
असं कार्यपद्धतीच्या चौथ्या पानावर आहे.

हेल्वे राउद्सेप एकोणीस वर्षं हे मोजते आहे
तार्तूमधल्या एका तळघरात,
जिथे डिसेंबरात साडेतीनला अंधारतं
आणि कुणी त्याचा विषयही काढत नाही.

काळ्यांना शेपटीला चिकटपट्टी लावून टांगलं
तर ते वळून आपल्याच शेपटीवरून वर चढतात,
डोंबाऱ्याच्या पोरासारखे, आणि वर जाऊन बसतात.
वहीत शेरा: बाद.
(सुटका करून घेणाऱ्याचं दुःख मोजता येत नाही.)
पांढरे, लाल डोळ्यांचे, फडताळ वाजलं तरी दचकणारे,
त्यांना गोळी लागू पडते, ते पोहत राहतात
समोर काठ दिसल्यासारखे.
मातकट मुळात थांबतच नाहीत.
त्यांना बरं करायचं ते कशातून?

तेच औषध. किलोमागे तेवढेच मिलिग्रॅम. तेच पाणी.

माझ्या भाषेत वाण म्हणजे जात, रंग,
आणि औषधाचा गुण येतो.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की
वाण नाही पण गुण लागतो म्हणतात.
इथे पिंजऱ्याला पिंजरा लागून,
पिढ्यांमागून पिढ्या, एकच भुसा, एकच दिवा,
आणि कुणाचं कुणाला
काहीही लागलेलं नाही.

घटस्फोटानंतरच्या हिवाळ्यात हेल्वेनेही ती गोळी घेतली होती.
पाचव्या आठवड्यात, काळ्या पावाला लोणी लावताना,
आपण गुणगुणतोय हे तिच्या ध्यानात आलं
आणि ती घाबरून थांबली.
एंडेल तिचा सख्खा भाऊ. त्याच आईचं नाक, तोच डॉक्टर,
तोच निळा खोका.
त्याचं फक्त तोंड कोरडं पडलं.
मग दुसरी गोळी, मग तिसरी,
मग डॉक्टर म्हणाले, बघू.

फेब्रुवारीत ती त्याला बघायला पेइप्सीवर गेली.
गोठलेलं तळं, पार रशियापर्यंत पांढरं.
एंडेल उपड्या बादलीवर, पुढ्यात हातभर भोक,
भोकात दोरी, दोरीवर डोळे.
हात हलेना. पाय हलेना. टोपीवर बर्फ साचलेलं.
कोटाच्या खिशात हेल्वेचा अंगठा
आपसूक बटणावर गेला.
दोनशे चाळीस सेकंद.
पैकी दोनशे चाळीस.

"एंडेल," ती म्हणाली, आणि आवाज फाटला.
तो मागे न बघता म्हणाला,
"पाय आपटू नकोस. मासे पळतात.
दुसरी बादली आहे तिकडे."

ती बसली. तासभर तरी बसली असेल.
एक पर्च लागला, तळहाताएवढा, तो त्याने परत सोडला.
भाऊ बरा होता का, हे तिला कळलं नाही.
विचारलंही नाही.

सोमवारी नळकांड्यात क्रमांक एकतीस, काळा.
दुसऱ्या मिनिटालाच थांबला.
नाक पाण्यावर, मिशा ताठ,
एक मागचा पाय अधूनमधून, जेमतेम,
बुडू नये इतकाच.
नियमाप्रमाणे ही हालचाल धरायची नसते.
नवा विद्यार्थी, तैन्नो, शेजारी वही धरून उभा.
"यातला सगळ्यात चांगला वाण कुठला?"
"कशासाठी चांगला?"
तो काही बोलला नाही. पोरगा हुशार आहे.

घंटा झाली. तिने एकतीसला बाहेर काढलं,
हिरव्या टॉवेलात गुंडाळलं, दिव्याखाली धरलं.
शेऱ्याच्या रकान्यात आकडा लिहिला, जो होता तोच,
आणि पुढे पेन्सिलीने, पुसता येईल असं:
वाट पाहत असावा.

टॉवेलात काहीतरी धडधडत होतं, फार जलद,
मोजण्यापलीकडे.