लोकवाटा

सरकार म्हणालं, अर्धे आम्ही देऊ, अर्धे तुमचे.
मॉर्गन्स पॅचने खिसे उलटे केले.
निघालं काय, तर चर्चच्या सोडतीची तिकिटं
आणि पाण्याने भरलेली एक खाण.

'परिसराचे वारसामूल्य, दीडशे शब्दांत.'
मी टाउन हॉलची कारकून. लिहिलं: कोळसा.
पुढे सुचेना.
खिडकीतून दगडी भुकटीचा काळा डोंगर दिसत होता,
त्यावर बर्चची झाडं,
कुणीही न लावलेली.

हॅरिसबर्गहून आलेला लाइनबाख म्हणाला,
पैसे नसतील तर श्रमदान चालतं,
तासाला बावीस डॉलर धरतो आम्ही.

झालं, गाव तास मोजू लागलं.
कुंपण रंगवलं: अकरा.
इंजिनघरातली कबुतरांची घाण खरवडली: तीस,
वर एक धनुर्वाताचं इंजेक्शन, ते धरत नाहीत.
तळघरात बायका पिएरोगी करायला बसल्या,
कडांना मुरड घालता घालता
कागदावर रेघा ओढायच्या,
रेघांनाही पीठ लागलेलं.

शेवटच्या दिवशी वेरोना हुडाक आली.
वय एक्याण्णव. मुठीत पितळी बिल्ला, चारशे सतरा.
एक बिल्ला माणसाबरोबर खाली जायचा,
जोडीचा वर फळीवर टांगलेला असायचा.
हा फळीवरचा.

"मेतोदचे तास धरता येतील?"
"किती, आजी?"
"रोजचे दहा. एकोणीस वर्षं."

लाइनबाखने नियम शोधला, दोनदा वाचला.
तसा भला मुलगा. कान लाल झाले त्याचे.
"अर्जाच्या तारखेआधीचं काही चालत नाही."

"मग आधीचं सोड," ती म्हणाली,
"तारखेनंतरचं धर.
तो अजून खालीच आहे."

रेडिएटर ठकठकत राहिला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कीबोर्डकडे.
मग मीच ओळ भरली:
हुडाक, मेतोद. काम: देखरेख.
तास: चोवीस गुणिले दिवस.

मंजुरी येईल न येईल.
त्याआधी तपासनिसाचा शेरा आलाय:
स्वयंसेवकाची सही नाही.

वेरोनाने चष्मा पुसला,
बिल्ला शाईच्या पॅडवर दाबला,
मग कागदावर, दोन्ही अंगठ्यांनी.
आकडे उलटे उमटले,
खालून वाचणाऱ्याला सरळ दिसतील असे.