पाठपोट

उद्योग भवनाच्या पाठीमागं त्या वर्षी
मला फक्त एका धड्याचा मास्तर पाहिजे होता.
अख्खी फिजिक्स नको, केमिस्ट्री नको,
नुसतं रोटेशन.
मागल्या नीटला तिथंच चाक रुतलं होतं.

पण एक धडा कुणी सुटा विकत नव्हतं.
काउंटरवरची बाई म्हणायची, पूर्ण पॅकेज घ्या,
रिपीटरला वीस टक्के सूट,
आणि तिच्या डोक्यावर फ्लेक्समध्ये
अठ्ठेचाळीस चेहरे, पासपोर्ट फोटोतले, दचकलेले.
एकांनी डेमोला बसवलं. तीनशे पोरं,
मी शेवटून दुसऱ्या बाकावर, सर टीव्हीवर.
सर त्याच इमारतीत होते, वरच्या मजल्यावर.
खाडगाव रोडला एक घरी शिकवायचे,
त्यांनी दारातच मार्क विचारले
आणि पाणी विचारायचं राहून गेलं.

शिवहारचं दुकान मेसच्या जिन्याखाली.
एक मशीन, एक स्टूल, एक माणूस,
आणि पाटी : पाठपोट दीड रुपया.
सगळ्या क्लासच्या नोट्स तिथं यायच्या,
एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या सरांच्या नोट्स
एकाच रबरात.
मी उसनी चाळीस पानं घेऊन गेले
तर तो झाकण उघडं ठेवून
पेन्सिलीनं कुणाचं तरी उत्तर खोडत होता.
"हे चुकलंय. तीन बॅच झाल्या, चुकीचंच पाठ करायल्यात."
तुम्हाला काय ठाऊक, मी म्हटलं.
"चारदा बसलो होतो. चौथ्यांदा अकरा मार्कांनी."
आणि पुढचं पान काचेवर पालथं घातलं.
उजेड त्याच्या हनुवटीखालून सरकत गेला.

फी काय घ्याल?
"पानं लावून दे. सांजच्याला गर्दी असती."

मग रोज साडेआठ ते दहा
मी पानं जुळवायचे, पिना मारायचे,
तो गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत शिकवायचा,
अर्धं वाक्य आत्ता, अर्धं सुटे पैसे दिल्यावर.

टॉर्क मला कळेना.
तीन दिवस कळेना.
चौथ्या दिवशी विचारलं त्यानं, वडील काय करतात.
आवाज आपोआप बारीक झाला :
उदगीर डेपोत. टायरवर.
"मग नट गच्च बसला तर?"
पान्याला पाईप लावतात.
"केवढा?"
मी हात पसरले. हातात स्टेपलर तसाच.
"का बरं?"
आणि मी गप्प झाले,
कारण हे मला डबा द्यायला जायचे तेव्हापासून माहीत होतं,
फक्त त्याला नाव असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री फोनवर बापाला सांगितलं.
कितीतरी वेळ नुसता डेपोचा आवाज.
मग म्हणाला, "पण लई लांब पाईप लावू नगं, माय.
बोल्टच तुटतंय."
हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.
शिवहारनं ते समासात लिहून ठेवलं,
आणि त्या आठवड्यात जिन्याखालून गेलेल्या
दोन-अडीचशे प्रतींत पुसट उमटत राहिलं :
लई लांब नको. – डेपो.

परीक्षेच्या आदल्या सांजेला
त्यानं शुभेच्छा वगैरे दिल्या नाहीत.
बिघडलेल्या पानांचा एक गठ्ठा दिला,
"रफला घे. एक बाजू कोरी हाय."
मी पहिल्यांदाच सर म्हटलं त्याला.
म्हटलं, सर, आता वयाची अट काढलीय म्हणतात,
तुम्ही...

"पेपर अडकला," तो म्हणाला,
आणि मशीनचं दार उघडून
कोपरापर्यंत हात आत घातला.
मी बराच वेळ थांबले.
मशीन तर बंदच होतं.