बहिर्गोल

उजवा कान उन्हाळ्यात गेला.
डॉक्टर म्हणाले, शीर सुकली.
तोवर मागचं सगळं मला कानानंच दिसायचं.
कोळशाचा भरला ट्रक खर्जात यायचा,
रिकामा यायचा फाळका आपटत,
वसंता उईकेची लुना खोकत खोकत,
आणि एस.टी.च्या आधी तिच्या काचा यायच्या.
आता जे येतं ते एकदम कोपराशीच उगवतं.
परवा एका ट्रकच्या वाऱ्यानं
सायकल, मी आणि पिंपळदऱ्याची अख्खी डाक
पऱ्हाटीत.
शेतवाल्यानं आधी मोडलेली बोंडं मोजली,
मग मला उचललं.

म्हणून वणीच्या बाजारात, मुनीरच्या दुकानी.
"आरसा? तुले?
लगन ठरलं का गा पुन्हा?"
मी कानाला बोट लावलं.
तो हसायचा थांबला
आणि फळीवरून खोका काढला.

एक चौकोनी, लाल काठाचा,
खाली झिरमिळ्या, शाळेतल्या पोरींसाठी.
एक बोटभर, मुठीच्या टोकात खुपसायचा,
नागपूरचा माल, दोनशे ऐंशी.
एक जुन्या राजदूतचा, गोल, जड,
पाठीवर गंजाचे नकाशे,
साठ रुपये, नट धरून.

मुनीरनं पोराला टायर देऊन
रसवंतीपाशी उभं केलं.
"बोल, काय दिसते?"
चौकोनीत पोराच्या शर्टाचं एक बटण,
स्पष्ट, अर्धं तुटलेलं.
बोटभर आरशात माझाच खांदा.
गोलात पोरगा, टायर, रसवंतीची घुंगरं,
मिरचीवाल्या बायांची रांग,
पाण्याची टाकी, तिच्यावरचा बगळा,
सगळं मुगाएवढं.
"याच्यात जवळचं दूर दिसते," मुनीर म्हणाला,
"दूर हाय म्हणून बेफिकीर राहू नको.
बहिर्गोल म्हणतात याले."
बहिऱ्याले बहिर्गोल, मी म्हटलं.
साठाचे पन्नास झाले.

तीस वर्षं मला माणसं
टपाल घेतानाचीच माहीत.
हात पुढे करतात, "कोठचं आलं?" म्हणतात,
मी पायडल मारतो.
पुढचं माझ्या ड्यूटीत नव्हतं.

आता दिसतं,
कौसल्याबाई झाडे
विम्याचा हप्ता चुकल्याची नोटीस
उलटीसुलटी पाहते
आणि शांतपणे शेळीपुढे धरते.
शेळीसुद्धा आधी वास घेते.
भरतीचं पत्र खिशात कोंबून
"असंच काहीतरी" म्हणालेला
रोडबा मडावीचा पोरगा
गोठ्याआड एका पायावर नाचतो.
आणि शेवटच्या घरची सुरजा.
रोज विचारते, "हाय का काही?"
मी नाही म्हणतो.
ती म्हणते, "नाई, असंच इचारलं."
ते फाटक माझ्या पाठीमागे लगेच लागत असेल,
असं मी सात वर्षं धरून चाललो होतो.
आरशात ती मुगाएवढी,
हात फाटकावर तसाच,
पार वळण येईस्तोवर.

वळणावर उतरलो.
दहा नंबरच्या पान्यानं नट सैल केला,
आरसा दोन बोटं बाहेर ढकलला,
घरं सुटली, नुसता रस्ता उरला.
हे पाहायचे पन्नास दिले नव्हते.

पुढे ट्रक आला.
मुगाचा वाटाणा, वाटाण्याचं लिंबू,
लिंबाचं पुढचं पाहत बसलो नाही,
कडेला झालो.
गेला.
काचेवर काळी भुकटी बसली, रुमालानं पुसली.

आता रोज त्या वळणाशी
मागे न बघता
घंटी मारतो, एकदाच.
मला ती डावीकडून थोडी ऐकू येते.