टॅसिट

पान एकशे चाळीस. टॅसिट.
बोरसे सर म्हणाले, सीचा उच्चार इथे स,
अर्थ: न बोलता मान्य असलेलं.
पुढच्या तासाला वाक्यात वापरून आणा.

पाचोऱ्याच्या अभ्यासिकेत रात्री नऊपर्यंत
माझी चार वाक्यं झाली,
चारही गाइडातली.

बाजाराच्या दिवशी मामाचा डबा घेऊन वरखेडीला गेले.
शेणाचा आणि भज्यांचा मिळून एकच वास.
झिपरूमामा आणि नेरीकडचा एक हेडी
उपरण्याखाली हात घालून उभे.
तोंडाने चालू होतं कुणाच्या तरी लग्नातलं जेवण,
वरण कसं पातळ होतं, वांग्याची भाजी कशी संपली.
उपरणं हललं.
हेडीने मान फिरवली.
पुन्हा हललं, जरा जास्त वेळ.
मग गोऱ्ह्याची दोरी
या हातातून त्या हातात.

"कितलामा गया, मामा?"
"तुले काय करनं?" मामा हसला,
आणि डबा उघडून बसला.

परतीच्या एसटीत वही मांडीवर घेतली.
वाक्य आता आपोआप येत होतं,
पण बाजाराचं नाही.

बँकेची परीक्षा तिसऱ्यांदा देते आहे.
चौथ्या वेळेचं घरात कुणी नाव काढत नाही.
आई दर उन्हाळ्यात स्टीलचं एक भांडं घेते,
नाव न घालता
पलंगाखालच्या पेटीत ठेवते.
मी विचारत नाही.
ती सांगत नाही.

तासाला सरांना गाइडातलंच वाक्य दाखवलं.
त्यांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली,
पुढचा शब्द घेतला.