अकरा

बोट दोन महिन्यांनी एकदा येते रापाला.
मागच्या फेरीत मी उतरले
भिंग, दोर, रद्दीची वर्तमानपत्रं घेऊन,
आणि पुस्तकातला तो नकाशा,
ज्यात या नेच्याच्या वस्तीभोवती
कुणीतरी तुटक रेघ मारलीय:
इथवर. पुढे नाही.

रेघेच्या हजारेक किलोमीटर पुढे होतो आम्ही.

शेळ्यांनी डोंगर खरवडून खाल्लाय.
जिथे खूर ठरत नाही
तिथेच काय ते हिरवं.
तेइहोतानं दोर बांधला माझ्या कमरेला,
दुसरं टोक खडकाला वेढून
वर शिट्टी वाजवत बसला.
खाली ढग. ढगाखाली अळूची खाचरं,
चर्चचं पत्र्याचं छप्पर,
एक कुत्रं, दिसत नव्हतं, भुंकत होतं.

कपारीत ओल झिरपत होती.
तिथे, पंजाएवढ्या अंधारात,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पानं,
मागे धरलेलं बोट दिसावं इतकी पातळ.
मी भिंग पुसलं. परत पुसलं.
पानांच्या कडेला इवल्या वाट्या,
वाट्यांत बीजाणू.
तोच.

मोजले. अकरा.
उजवीकडून मोजले, तरी अकरा.

नियम असा की नमुना हवा, मुळासकट;
नुसत्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवतं?
वरून हाक आली, "सापडलं का?"
"थांब," मी म्हटलं, "ठरवतेय."
आणि अर्धं पान खुडलं.
अर्धंच. हात थरथरला तो थंडीनं, असं समजू.

संध्याकाळी त्याची मावशी तेउरा
पोपोई कुटत होती दगडावर.
तिनं पान दिव्यासमोर धरलं.
मी लॅटिन नाव सांगितलं, तर हसली:
"पान एवढंसं, नाव केवढं!"
"तुमच्याकडे काय म्हणतात?"
"काही नाही. ना खायचं, ना विणायचं,
कशाला हाक मारायची त्याला?"
मग जरा वेळानं, "पण आलं कसं?"
"वाऱ्यावर. धुळीहून हलकं असतं बी.
कदाचित तुमच्या होड्यांच्याही आधी."
मुसळ थांबलं.
"मग त्यानं विचारावं," ती म्हणाली,
"की तुम्ही कसे आलात."
आणि पुन्हा कुटू लागली.

रात्री पान ठेवलं जुन्या कागदात,
फुटबॉलच्या निकालांवर.
लेबल लिहिलं. कपारीची खूण मुद्दाम गाळली.
'संख्या'च्या रकान्यात अकरा लिहिलं,
खोडलं,
साडेदहा लिहिलं,
तेही खोडलं.

बोटीला अजून एकोणीस दिवस.