थ्रीस्पून, आयडाहो

मी आले ती पाऱ्यासाठी.
ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरायचं, चिठ्ठीवर तारीख घालायची,
बोईसीच्या प्रयोगशाळेत द्यायचं. एवढंच काम.
रस्ता सहा मैल आधीच संपला.

फाट्यावर पाटी आहे. लोकसंख्येचा आकडा कुणीतरी गोळीने उडवलाय.
नाव तीन चमच्यांचं :
ओबेड ट्रेगियरने त्रेसष्टच्या जूनमध्ये
जेवायच्या चमच्याने खडकाची फट खरवडली
आणि चमचा तीनदा भरला.
चौथ्यांदा काय आलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

बर्फ पडायच्या आत चार हजार माणसं.
अंडं एक डॉलरला. झोपायला टेबलाखाली पन्नास सेंट,
टेबलावर पाऊण डॉलर.
ऑपेरा हाऊस, ज्यात ऑपेरा कधी झाला नाही.
दोन वर्तमानपत्रं, एकमेकांना खोटं पाडणारी.
आणि एक पियानो, सुटा करून खेचरांच्या पाठीवरून आणलेला;
दोन पट्ट्या घाटात पडल्या,
मग गावातली सगळी गाणी
दोन सूर गिळून वाजत राहिली.

गावातून सोन्याचा धूर निघायचा, आपण म्हणतो तसा.
खरं तर तो पाऱ्याचा.
तव्यावर गोळा, खाली जाळ,
पारा उडून जायचा, सोनं बसून राहायचं,
आणि तव्यावर वाकलेल्या माणसाचे
आधी दात हलायचे, मग हात.
हात हलले की तराजू दुसऱ्याकडे.

ड्रुसिला हॅस्क खाणवाल्यांचे शर्ट धुवायची.
शेवटचं पाणी तिने कधी ओतून दिलं नाही.
फडक्यातून गाळायची.
वर्षाअखेर अंगुस्तानभर सोनं,
खडकाला हात न लावता.

काउंटीच्या दफ्तरात हे वाचलं आणि एकटीच हसले.
कोल्हापुरात, गुजरीच्या गटारीशी,
सराफ उठायच्या आधी झाडू-घमेलं घेऊन बसायचा
बाबू झारेकरी.
ड्रुसिलाबाई,
तुमच्या जातीचा माणूस मी पाहिलाय.

उतार एका दिवसात लागला नाही.
आधी पियानो गेला.
मग एक वर्तमानपत्र. दुसऱ्याला
खोटं पाडायला कुणी उरलं नाही, तेही आपोआप मिटलं.
मग लुंग फाट आला, त्याच्यासारखे आणखी साठ,
गोऱ्यांनी निःसत्त्व म्हणून टाकलेली वाळू पुन्हा धुवायला,
त्या वाळूवरही दरमहा कर भरून.
सतरा वर्षं त्याने धुतली.
त्याची हाडं समुद्रापार घरी धाडायची होती;
पेटी रवाना झाल्याची नोंद आहे,
पोचल्याची नाही.

शाळेत शेवटच्या वर्षी एकच मूल.
मिस ऑर्कट तरी रोज हजेरी घ्यायची,
नाव मोठ्याने पुकारून,
समोरच्या बाकावर बसलेल्याचं.

एकतीस साली मंदीत लोक परत आले, थोडेसेच.
सलूनच्या फळ्या उपटल्या, जाळल्या, राख धुतली.
साठ वर्षांपूर्वी नशेत हातातून निसटलेलं
फटीफटींतून गोळा केलं.
आग लागली नाही, वादळ आलं नाही :
गाव गेलं ते असं, गुंजेगुंजेने.

आता ओढा इतका नितळ की तळाचे गोटे मोजावेत.
दोन्ही काठांवर धुतल्या दगडांचे ढीग,
त्यांच्यावर अजून गवत धरत नाही.
सगळे गेले, पारा गेला नाही.
गाळात बसलाय, माशांच्या अंगात शिरलाय,
घरपट्टी न भरता.

बाटल्या भरल्या. एकूण अकरा.
रात्री मोटेलच्या टबात बूट धुतले,
बुडाशी करडा गाळ साचला.
बूच ओढायला हात घातला, आणि,
खोलीत कुणी नव्हतं तरी आजूबाजूला पाहून,
जरा थांबले.